अर्ध्या नावाची हाक

खळ्ळ... तिच्या शिलाई मशीनवरचा बटणांचा डबा कलंडला आणि दुपारची शांतता फरशीभर विखुरली. दारात फाटका झेंडा घेऊन उभा असलेला माणूस खाली बसला आणि बटणं वेचू लागला.

तो फुटबॉलच्या मैदानावर माईकवरून खेळाडू पुकारतो, हे तिला झेंडा शिवता शिवता कळलं. तो खेळाडूचं पहिलं नाव घ्यायचा, प्रेक्षक आडनावाची गर्जना करायचे. पण गेल्या सामन्यात हाणामारी झाली, म्हणून या रविवारी पुरुष प्रेक्षकांना बंदी. फक्त बायका आणि मुलं.

"मी पुकारीन, आणि... ओ द्यायला कुणी नसेलच," तो म्हणाला. "तुम्ही याल?"

नवरा गेल्यापासून तीन वर्षं ती गर्दीत गेली नव्हती. मैदानात तर कधीच नाही. वडील भावांना न्यायचे, तिला नाही.

"माझ्या एकटीच्या आवाजानं काय होणार?"

"मला पुरेल," तो बोलून गेला — आणि कानापर्यंत लाल होत, नसलेलं बटण शोधू लागला.

रविवारी सहा वर्षांच्या लेकीला घेऊन ती पायऱ्या चढली आणि थबकलीच. तीस हजार बायका-मुलं. काठ्या टेकत आलेल्या आज्या, कडेवरची बाळं, शाळाच्या शाळा.

त्यानं आधी पाहुण्या संघाची नावं घेतली. पाहुण्यांच्या आडनावाच्या जागी इथे शिवी घालायची रीत. पण ती या प्रेक्षकांना ठाऊकच नव्हती. मोठ्या फलकावर वाचून त्यांनी अकराही आडनावं मनापासून म्हटली. कोवळा, उंच, लखलखीत आवाज... जणू आभाळालाच कंठ फुटला होता. पाहुण्या गोलरक्षकानं छातीवर हात ठेवला. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या आवाजात तिचाही होता, तीन वर्षांनी मोकळा झालेला.

मग माईकवरून घरच्या संघाचं पहिलं नाव आलं, नेहमीपेक्षा हळू.

सामना संपल्यावर तो फाटकाशी वाट पाहत होता, घसा बसलेला.

"तुमचा आवाज ओळखला मी."

"तीस हजारांतून? काहीतरीच."

"बरं, थाप मारली. पण पुढच्या वेळी पुरुष परत येतील, तेव्हाही... मी तुमचाच आवाज शोधत बसेन. सवय लागेल मला."

ती त्याच्या हातातल्या झेंड्याच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "लागू दे."

लेकीनं तिचा पदर ओढला.

"आई, सगळ्यांची अर्धी नावं हे काका घेतात. मग यांचं अर्धं नाव घेतल्यावर उरलेलं कोण म्हणतं?"