थोरलीची खूण

ही गोष्ट खरी आहे. मानायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मी बावीस वर्षं वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते. झालेलं आणि वाटलेलं यांतला फरक मला कळतो.

या पानावरच्या भुताखेतांच्या गोष्टी बहुतेक रात्री बाराला घडतात. दिवे जातात, कुत्री रडतात, खिडकी आपोआप आपटते. माझ्या गोष्टीत यातलं काही नाही. मंगळवार होता. दुपारचे सव्वा दोन. खोलीत इतकं ऊन होतं की पडदा ओढावा लागला.

आणि तरीही त्या दुपारपासून मी माझ्याच घराचं दार ढकलायला घाबरते.

आधी थोडं घरातलं सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे. तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसले आणि शेवटी डोळ्यांनीच दगा दिला. आता उजेड-अंधार कळतो, समोर माणूस आहे एवढं कळतं, अक्षर मात्र दिसत नाही. सकाळभर ते घरी एकटे असतात. एकला वाचनालय बंद होतं, सव्वाला मी घरी येते. जेवण झालं की दोन वाजता त्यांना वाचून दाखवते.

मी त्यांची दुसरी. पहिली वारली, त्यानंतर चार वर्षांनी आमचं लग्न झालं. तिला सगळे थोरली म्हणतात. मेलेल्या माणसाला एक बरं असतं, त्याचं वय आणि कौतुक दोन्ही वाढत नाहीत म्हणतात. थोरलीचं वय थांबलं, कौतुक मात्र दर वर्षी वाढतच गेलं.

कारण ती आमच्या वाचनालयाची सभासद होती. साधीसुधी नाही, अव्वल.

माणूस काय वाचतो यावरून मी त्याची पारख करते. निवृत्त मुख्याध्यापक वर एक जाडजूड विचारांचं पुस्तक घेतात आणि खाली एक प्रेमकथा दडवतात. विचारांचं परत येतं तेव्हा त्याची घडीसुद्धा मोडलेली नसते. दातांच्या डॉक्टरीणबाई खुनाशिवाय काही वाचत नाहीत. दिवसभर लोकांची तोंडं उघडून बघितल्यावर दुसरं काय वाचावंसं वाटणार म्हणा.

आणि हे दोघंही, पुस्तक निवडताना, माझ्या तोंडावर म्हणतात, "थोरलीला विचारलं असतं, तर पटकन चांगलं काढून दिलं असतं."

मी शिक्का जरा जोरात मारते. बाकी काय करणार.

आता खुणेबद्दल. जुने वाचक पुस्तकात आपापली खूण करून ठेवतात. अमुक पुस्तक वाचलंय की नाही हे नावावरून आठवत नाही, मग तेच पुन्हा घरी जातं. म्हणून प्रत्येकाचं एक ठरलेलं पान. मुख्याध्यापक पन्नासाव्या पानाच्या आकड्याभोवती गोल काढतात. डॉक्टरीणबाई दहाव्या पानावर फुली मारतात. पुस्तक घेताना आधी ते पान उघडायचं. खूण दिसली की मुकाट्याने परत फळीवर. आम्ही रागावतो, पण चालवून घेतो.

थोरलीचं पान सत्तावीस. आकड्याखाली पेन्सिलचं एक टिंब आणि त्याला बारीक शेपटी. बेडकाचं पिल्लू असावं तसं.

लग्नानंतर मी जे जे पुस्तक आवडीने उचललं, त्यात सत्ताविसाव्या पानावर ते पिल्लू बसलेलं.

मी हसले तिथे ती आधी हसून गेलेली. मी रडले तिथे ती आधी रडून गेलेली. आणि हे ऐकताना मान डोलवायचे, ती ओळखीची मान. आधी एकदा थोरलीच्या तोंडून ऐकलेल्याची.

एकच लेखक माझा होता. फार लोक त्याला वाचत नाहीत. कारकून, शिलाई करणाऱ्या बाया, भाड्याच्या खोल्या, असलं लिहितो. मी थोरलीचं जुनं कार्ड काढून तीनदा तपासलं. सहाशे अकरा पुस्तकं. त्याचं एकही नाही.

खोटं कशाला सांगू, त्या रात्री मला फार छान झोप लागली.

मागच्या वर्षी त्याची नवी कादंबरी आली. गठ्ठा मीच सोडला, दाखल क्रमांक मीच घातला, कव्हरही मीच चढवलं. थोरलीला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

सोमवारी पहिलं प्रकरण यांना वाचून दाखवलं. पुस्तक यांच्या खुर्चीजवळच्या टेबलावर ठेवलं.

मंगळवारी, दुपारी सव्वा दोनला, मी दुसरं प्रकरण उघडलं. गोष्टीतली बाई खोली रिकामी करायला निघते, एवढंच वाचलं होतं.

हे डोळे मिटून म्हणाले, "किल्ली ती घरमालकाला देणार नाही. विहिरीत टाकेल."

मी पान उलटलं.

बाईने किल्ली विहिरीत टाकली होती…

"अहो, तुम्हाला कसं कळलं?"

"सकाळीच नाही का वाचलं…" हे बोलता बोलता थांबले.

"सकाळी मी वाचनालयात होते."

"हो का. मग मनाने जुळवलं असेल."

ते तोंड फिरवून पडले. मी पुस्तक घेऊन खिडकीशी गेले. सत्ताविसावं पान उघडलं.

आकड्याखाली… टिंब. टिंबाला शेपटी.

बोट फिरवलं तर शिसाची काळी पूड बोटाला आली.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. मी घातलेली खुणेची पट्टी रोज वीस पानं पुढे सरकलेली असायची. भिंतीशी ठेवलेलं स्टूल यांच्या खुर्चीला खेटून यायचं. आणि सव्वाला मी जिना चढायला लागले की वरून एक सूर ऐकू यायचा. शब्द कळायचे नाहीत, पण वाचण्याचा सूर वेगळा असतो, तो मला कळतो.

किल्ली कुलपात घातली… की सूर बंद.

"कोण आलं होतं?"

"कोण येणार? रेडिओ लावला होता."

रेडिओ बंद पडून दोन वर्षं झाली होती. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या घरात रेडिओ दुरुस्त होत नाही.

तुम्ही म्हणाल, भीती नाही वाटली? वाटली. पण भीतीपेक्षा वाईट एक गोष्ट असते. एका दुपारी मी माझ्या लेखकाचं एक पान मन लावून वाचलं आणि हे म्हणाले, "बरा आहे गं तुझा लेखक. पण फार रडतो."

हे असं कधी बोलत नाहीत. हे मत यांचं नव्हतंच.

मेलेली सवत घरात येते, यांच्या शेजारी बसते, हे मी एक वेळ सोसलं असतं. पण माझ्या लेखकाला नावं ठेवते?

मग मी ते केलं, जे करायला नको होतं.

सुट्टीच्या दिवशी ग्रंथपालांकडे वाचनालयाची किल्ली मागितली.

"फळ्या झाडायच्यात," म्हटलं.

"बाई, तुम्ही स्वतःहून झाडताय?" ते म्हणाले. "तब्येत बरी आहे ना?"

मी थोरलीचं कार्ड पुढ्यात ठेवलं, खोडरबर घेतलं. एकेक पुस्तक काढायचं, सत्ताविसावं पान उघडायचं, पिल्लू पुसायचं. असे चार सुट्टीचे दिवस. शेवटच्या दिवशी अंगठा सोलला होता, आणि टेबलाखाली रबराचा चुरा केराच्या सुपलीत मावत नव्हता. सगळ्यांत शेवटी माझ्या लेखकाचं नवं पुस्तक पुसलं.

सवतीला सामानासकट बाहेर काढलं असं वाटलं.

आठ दिवस खरंच शांतता होती. पट्टी जागच्या जागी. स्टूल भिंतीशी. जिन्यात सूर नाही. दुपारी हे माझंच ऐकायचे. थोडे उदास वाटायचे, पण ऐकायचे.

नवव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी एक जुनी खुनाची कादंबरी मागितली. फळीवर जागा रिकामी. नोंद कुठेच नाही.

"गेलं कुठे पुस्तक?" बाई म्हणाल्या. "आता पुस्तकाचाच खून झाला की काय?"

मी हसले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी पुस्तक फळीवर होतं. जणू हललंच नव्हतं. सहज सत्ताविसावं पान उघडलं…

टिंब. शेपटी. ताजी.

त्याच दिवशी दुसरी एक जागा रिकामी झाली. दोन दिवसांनी ते पुस्तक परत आलं, तिसरं गेलं. मग चौथंही गेलं. मी खण उघडून थोरलीचं कार्ड काढलं.

पहिली नोंद, ती खुनाची कादंबरी. दुसरी नोंद, दुसरं. तिसरं. चौथं.

कार्डावरच्याच क्रमाने.

मी कार्ड टेबलावर पालथं ठेवलं. खूण कशासाठी असते? वाचलेलं पुन्हा घरी जाऊ नये म्हणून. बावीस वर्षं हे बघणारी मी, मला एवढं सुचू नये? ती सगळं वाचून संपवून बसली होती, म्हणून बिचारी माझ्या नव्या पुस्तकाकडे वळली होती. मी सहाशे अकरा खुणा पुसल्या. तिच्या हिशेबी आता तिने काहीच वाचलेलं नव्हतं.

ती पहिल्यापासून सुरू झाली होती.

घरी हे बदलले. सकाळी आठलाच केस विंचरून बसायचे. मी पोळपाट धूत असले तर म्हणायचे, "राहू दे ते. निघ, उशीर होईल तुला." दुपारी मी पुस्तक उघडलं की हात वर करायचे, "आज नको. कान भरलेत." चेहऱ्यावर असं काही तेज की बघवत नव्हतं. त्यांचं पहिलं लग्न झालं तेव्हाची ती पुस्तकं. ती ऐकली तेव्हा हे सव्वीस वर्षांचे होते, डोळे शाबूत होते.

ते सव्वीस वर्षांचे मला कधी मिळालेच नाहीत.

एकदा सरळ विचारलं. "तिला येऊ नको म्हणाल का?"

यांनी टेबलावरचं पुस्तक हाताने चाचपलं.

"तू पण वाचतेस की छान," हे म्हणाले.

पण वाचतेस. यातला 'पण' मला आजही टोचतो.

त्यानंतरच्या गुरुवारी मी डोकं दुखतंय म्हणून साडेअकरालाच निघाले. चपला खालीच काढल्या. अनवाणी जिना चढले. दाराला कान लावला.

या वेळी शब्दही ऐकू आले.

बाईचा आवाज. घाई नाही, नाटक नाही. स्वल्पविरामाला थोडं थांबायची, पूर्णविरामाला श्वास घ्यायची. गोष्टीतला म्हातारा बोलायला लागला की आवाज किंचित जड करायची, इतका किंचित की कौतुक वाटावं.

माझ्यापेक्षा चांगलं वाचत होती. हे लिहिताना हात जड होतो, पण खोटी नोंद मी करत नाही.

मी किल्ली काढली. कुलपाला लावायच्या आधीच…

आवाज थांबला.

पान हातात धरून कुणीतरी कान देतंय, अशी शांतता. दाराच्या त्या बाजूला ती, या बाजूला मी. माझा श्वास मलाच मोठा वाटायला लागला.

मग हे बोलले. माझ्याशी ज्या आवाजात कधी बोलले नाहीत, त्या आवाजात.

"थांबलीस का?"

…

"नाही गं. ती सव्वाच्या आत येत नाही. तू वाच."

आत पान उलटलं.

माझ्याच घराची किल्ली माझ्या हातात होती. मी ती पदरात घट्ट बांधली, आवाज होऊ नये म्हणून, आणि दोन पायऱ्या खाली उतरून बसले.

या गोष्टीला अकरा महिने झाले. आजवर एकशे बेचाळीस पुस्तकं झाली. उरली चारशे एकोणसत्तर. ती संपल्यावर काय, हे मी स्वतःला विचारत नाही. पुन्हा खुणा पुसाव्यात असं मनात येतं का, हेही कुणी मला विचारू नये.

वाचनालय एकला बंद होतं. पाय उचलले तर घर दहा मिनिटांवर आहे.

मी सव्वाला पोचते. एक मिनिट आधी नाही.