चाळीस सेकंदांचा फोन

जेवणं आटोपली, गच्चीवर सतरंजी पडली आणि भाचरांनी मामांना घेरलं.

"खरी गोष्ट सांगा हं मामा. मागच्यासारखी थाप नको."

"ही थाप असती तर बरं झालं असतं," मामा म्हणाले. "तो दिवा बंद कर आधी."

मामा सव्वीस वर्षं रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये फोन घ्यायचे. तिथले सगळे फोन ज्यावर चालायचे तो सर्व्हर सांभाळायला एक इंजिनिअर होता. त्याला सगळे झोपाळू म्हणत. डोकं एकदम तल्लख, पण उशीला टेकलं की संपलं. बायको कौतुकानं सांगायची, "कानाशी ढोल बडवा, हे फार तर कूस बदलतील."

सर्व्हरला एक खोड होती. फोन कमी असले की गुणी बाळ. पण वादळ, अपघात, काही झालं आणि फोनांची झुंबड उडाली की नेटवर्क तुटायचं. सगळे फोन मुके. मग झोपाळूला अंथरुणातून उपसून आणायचं. शेवटी कंटाळून त्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. नेटवर्क तुटलं की चाळीस सेकंदांत आपोआप जोडलं जाईल. दुखणं तसंच, फक्त बोंब बंद. साहेब खूश. "झोपाळूशेठ, आता घोरा खुशाल!"

"सगळे हसलो," मामा म्हणाले. "मीसुद्धा."

गेल्या नोव्हेंबरात एका दुपारी हमरस्त्यावर बस उलटली. फोनांवर फोन. झोपाळू रात्रपाळी करून घरी, आतल्या खोलीत झोपलेला. बाहेरच्या खोलीत त्याच्या बायकोला दम्याचा झटका आला. तो उठला तेव्हा ती खुर्चीत होती. गार. हातात मोबाइल. त्यावर एकच फोन केलेला, रुग्णवाहिकेला, चार वाजून सात मिनिटांनी. लागलेला नव्हता.

त्याच मिनिटाला नेटवर्क तुटलं होतं. चाळीस सेकंद.

"पुन्हा का नाही लावला?" धाकट्या भाचीनं विचारलं.

"तेवढा श्वास उरला नसेल गं."

झोपाळू कामावर परतला. कुणाशी बोलेना. मामांना मात्र रोज एकच विचारायचा, "मी दहा पावलांवर होतो. मला हाक का नाही मारली तिनं? इतका का मी निकामी?"



त्यानं दुखणं मुळातून शोधायचं ठरवलं. साहेब म्हणाले, चालतंय ना, मग कशाला हात लावतोस. त्यानं ऐकलं नाही. डिसेंबरचा पहिला गुरुवार. रात्री दोनपासून तीनपर्यंत येणारे खरे फोन शेजारच्या गावाच्या केंद्राकडे वळवले. खोलीत तो आणि मामा, दोघंच. त्यानं संगणकाकरवी सर्व्हरवर खोटे फोन सोडायला सुरुवात केली. दोनशे. तीनशे. चारशे... आणि तुटलं. टेबलांवरच्या फोनांचे हिरवे दिवे एकदम विझले.

दोन वाजून दहा मिनिटं.

कोपऱ्यातला एक फोन वाजला.

"नेटवर्कच नाही," मामा म्हणाले, "मग फोन वाजतोच कसा?"

झोपाळूनं उचलला. खोली इतकी शांत की मामांनाही ऐकू आलं. श्वास... शिट्टीसारखा.

"हॅलो... गाडी पाठवा..."

तिनं पत्ता सांगितला. त्याच्याच घराचा.

"अगं मी! मी आहे—"

तिला ऐकू जात नव्हतं.

"आणि... भोंगा वाजवू नका हं गल्लीत. आमचे हे झोपलेत. दोन रात्री जागून... आलेत..."

लाइन गेली. दिवे आले.

पडद्यावर दुखण्याचं नाव आलं होतं. सर्व्हरमधलं नेटवर्क कार्ड. ताण वाढला की तेच गोठायचं. नवं कार्ड समोर खोक्यात होतं. पाच मिनिटांचं काम.

त्यानं खोक्याला हात लावला नाही. पुन्हा चारशे फोन सोडले. पुन्हा दिवे विझले. पुन्हा तोच श्वास, तेच शब्द. तिथेच लाइन गेली. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा...

तीनला वीस कमी.

"बाबा रे, कार्ड बदल," मामा म्हणाले.

"बदललं की ही लाइन..."

"आणि नाही बदललं तर उद्या कुणाची तरी..."



पाचव्यांदा फोन वाजला. झोपाळू ताठ बसला. आता तो 'मी' म्हणाला नाही. तिचं सगळं ऐकून घेतलं, आणि फोन घेणारा माणूस बोलतो तसा बोलला.

"हो ताई. गाडी निघाली. भोंगा वाजणार नाही."



शिट्टी थांबली.

"बरं," ती म्हणाली.

त्यानं कार्ड बदललं. चारशे फोन सोडले. सहाशे. हजार. दिवे विझले नाहीत. तीन वाजेपर्यंत तो कोपऱ्यातल्या फोनवर हात ठेवून बसला होता... वाजला नाही. मग त्यानं टेबलावर डोकं टेकलं. त्याची पाठ हलत होती.

मामांना बघवेना. ते बाहेर आवारात आले. चार गाड्या ओळीनं उभ्या. चारही चाव्या संध्याकाळपासून मामांच्या टेबलाशी, खुंटीवर. रात्रभर दव पडलेलं. तीन गाड्यांच्या बॉनेटवर थेंबच थेंब.

चौथीचं कोरडं.

मामांनी त्यावर हात ठेवला.

"मग?" धाकटी भाची पुढे सरकली.

मामांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं.

"गरम होतं गं..."