दाराशी बसलेला काढा

मँचेस्टरच्या फ्लॅटमध्ये शिरताच उकळत्या मुळ्यांचा कडवट वास आला आणि मधुमतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साल २००४. नवरा गिरीश सॉफ्टवेअर इंजिनियर, ती स्वतः हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू ओळखणारी डॉक्टर, आणि गॅसवर काय, तर चायनाटाउनमधल्या म्हातारीचा काढा!

केमोनंतर गिरीशच्या पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या होत्या. अशाच माणसाला स्यूडोमोनास गाठतो. धडधाकटांच्या वाटेला सहसा न जाणारा, सिंकच्या ओलीत दबा धरून बसणारा हिरवट जंतू. लॅबमधल्या बशीत तो वाढला की पिकल्या द्राक्षांसारखा गोड वास सुटतो. नुकतीच त्याने वॉर्डातली एक शिक्षिका नेली होती. गिरीशला तो नेणार नव्हता, मधुमती नेऊच देणार नव्हती.

तिने काढा लॅबमध्ये नेला आणि त्या जंतूवर थेंब टाकले. जंतू थेंबाखालीही मजेत वाढला. घरी येऊन तिने हे गिरीशला ठणकावून सांगितलं.

"मारतो असं म्हातारी म्हणतच नाही," गिरीश म्हणाला. "काढा दाराशी बसतो, म्हणते. बाहेरचं आत येऊ देत नाही."

"आणि मी काय करतेय इथे?" मधुमतीने भांडं उचललं आणि सगळा काढा सिंकमध्ये ओतला. मुळ्याही कचऱ्यात गेल्या.

दुसऱ्या दिवशी फ्लॅटच्या दाराबाहेर द्राक्षांचा वास होता. संध्याकाळी तो आत, चपलांपाशी आला. मधुमतीने सिंक, नळ, दाराची मूठ, स्वतःचे हात, सगळ्यांचे नमुने तपासले. कशातच काही उगवलं नाही. गिरीशला ताप नव्हता, वासही येत नव्हता. ब्लीचने फरशी घासताना ती त्याच्यावर, म्हातारीवर, स्वतःच्या नाकावर चिडत राहिली.

वास बेडरूमच्या दाराशी पोचला, तेव्हा ती चायनाटाउनला धावली. अभिमान गेला खड्ड्यात, काढा हवा होता. म्हातारीने तिला काचेतून पाहिलं, नाकावर बाही धरली आणि आतून कडी लावली. मधुमतीने दार बडवलं, मराठीत शिव्या घातल्या. दार उघडलं नाही.

ती रिकाम्या हातांनी परतली.

चपलांपाशी वास नव्हता. बेडरूमच्या दाराशीही नव्हता.

गिरीश पांघरूण गळ्यापर्यंत ओढून बसला होता. गाल लालबुंद झाले होते.

"मधू," तो हसून म्हणाला, "द्राक्षं आणलीस?"