सुटलेल्या माणसाचा दुसरा भाग

मुलांनो, डोळे मिटू नका, नुसतं मनात आणा. नळदुर्गातली उन्हाळ्याची दुपार. हमरस्त्यावर ट्रकांची घरघर. माझ्या पुढच्या खोलीच्या खिडक्यांना पोती लावलेली, भिंतीवर पांढरी चादर, आणि समोर पुतण्यानं सोलापूरहून आणून दिलेला लहानसा प्रोजेक्टर. खाली सारवलेली गार जमीन. तिथं तुम्ही बसला आहात.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी सुट्टीत गल्लीतल्या मुलांना सिनेमे दाखवायचो. नियम एकच. पाहताना बोलायचं. काय पटलं, काय नाही, का नाही. गप्प बसून शिकता येत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

त्या दिवशी पाठलागाचा सिनेमा लावला होता. खोटा आळ आलेला एक माणूस जंगलातून पळतो, एक अधिकारी कुत्री घेऊन त्याच्या मागावर असतो, आणि शेवटी तो माणूस नदीपार निसटतो. मुलं खूश होती. समृद्धी तेवढी मान हलवत होती. तिच्या घरी मेंढरं. कोकरू चुकलं की बाप तिलाच हुडकायला पाठवायचा.

"हे असलं कसलं हुडकणं," ती म्हणाली. "टिटवी वरडायलीय बघा की. तितंच हाय त्यो."

"आणि कुत्री?" मी विचारलं.

"कुत्र्यांच्या तोंडावर वारा पायजे, गुरुजी. ह्यांनी पाठीवर घेतलाय. वास कुठला लागतोय?"

मी तिला शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी त्याच सिनेमाचा पुढचा भाग लावला.

"सुटला होता की त्यो," शरणबसप्पा म्हणाला. हा आमच्यातला सगळ्यात बोलका. "मग परत कशाला धरायलेत?"

"दुसरे भाग असेच असतात. सुटलेल्याला पुन्हा पळवायचं," मी म्हणालो, आणि उगीचच थकल्यासारखं वाटलं.

नट तोच होता. पण आधी तो धावला की संगीत वाजायचं. इथं नुसती धाप ऐकू येत होती. पहिल्या भागात दाट जंगल होतं. इथं काळी माती होती, बाभळी होत्या.

कुठंतरी टिटवी ओरडली. अधिकाऱ्यानं हात वर केला. सगळे थांबले. त्यानं कान दिला आणि बरोबर तिकडं वळला.

"समे, तुझंच ऐकलं की गं त्यानं," शरणबसप्पा हसला.

मग अधिकाऱ्यानं चिमूटभर माती हवेत उधळली, वारा पाहिला आणि कुत्री वळसा घालून पलीकडून आणली.

आता कुणी हसलं नाही. समृद्धी सरकत माझ्याजवळ आली.

"म्या सांगितलं म्हणून धरत्याल त्याला," ती कानाशी म्हणाली. "मारत्याल."

"सिनेमा आहे, बाळ. तो आधीच तयार झालेला असतो."

तिला ते पटलं नाही. मलाही.

समोर पूल दिसत होता, पण तो माणूस अलीकडंच पाणी दिलेल्या उसात शिरला. चिखलात पालथा पडून राहिला. अधिकारी बांधावर आला, पण उसाकडं वळला नाही. तो आमच्याकडं तोंड करून उभा राहिला.

चित्र अडकलं असेल, असं मला वाटलं. पण त्याच्या मागं उसाची पाती हलत होती.

तो एकेका मुलाकडं बघत गेला.

"कुठं गेला?" त्यानं विचारलं.

सिनेमा हिंदीत होता. हे मराठीत होतं.

कुणी हललं नाही. 

"पुलाकडं," समृद्धी म्हणाली.

तो तिच्याकडं बराच वेळ बघत राहिला, चेहरा लक्षात ठेवावा तसा. मग कुत्र्यांना शीळ घातली आणि निघून गेला.

चादर पांढरी झाली.

"पयलाच भाग बरा व्हता," शरणबसप्पा हळूच म्हणाला. मुलं चपला घालून गेली.

समृद्धी थांबली. तिनं चादरीचं टोक उचललं. मागं भिंतच होती. पण भिंतीच्या पायथ्यापासून दारापर्यंत सारवणावर मोठ्या माणसाची अनवाणी पावलं उमटली होती. काळ्या चिखलाची, ओली.

तिनं कोपऱ्यातली केरसुणी ओली करून आणली आणि वाकून पावलं पुसायला लागली. दारापर्यंत, मग पायरी, मग अंगणातल्या उन्हातून पार रस्त्यापर्यंत. ती पाठीमागं सरकत चालली होती, आणि त्याच्या पावलांबरोबर स्वतःचीही पुसत होती.