दोन नळ्यांचा मायक्रोस्कोप

विभागप्रमुखांनी परीक्षेच्या स्लाइड निवडायचं काम आधी तिला सांगितलं, मग विसरून त्यालाही. त्यामुळे सकाळच्या तुकडीला शिकवणारी ती आणि दुपारच्या तुकडीला शिकवणारा तो एकाच वेळी मायक्रोस्कोपपाशी येऊन धडकले. मायक्रोस्कोप दोघांना एकदम बघता येईल असा : स्लाइड एक, नळ्या दोन, खूण दाखवायचा बाण एक.

“बाण माझ्याकडे,” ती म्हणाली.

“मारा,” तो म्हणाला... आणि कानापर्यंत लाल झाला.

विद्यार्थी त्याला कूर्चाराव म्हणत. कूर्चा, म्हणजे नाका-कानातला तो हाडाहून मऊ, वाकणारा भाग. एरवी तोंडातून शब्द न फुटणारा हा माणूस त्या विषयावर थांबायचं नाव घेत नसे.

काम आठवड्याचं, दोघांनी महिना लावला. दोघंही कामात एरवी चटपटीत, म्हणून हे जरा संशयास्पदच होतं.

“ही श्वासनलिकेतली. काचेसारखी नितळ. तंतू असतात, पण दाखवत नाही.”

“आतल्या गाठीची म्हणा ना!”

“ही कानाची. तंतूंचं जाळं बघा. कितीही वाकवा, पुन्हा सरळ.”

“आणि मणक्यांमधली?”

“जाड तंतूंचे जुडगे. भार सोसणारी. मोठ्या वहिनीसारखी.”

मग तिला दुसऱ्या शहरातल्या कॉलेजात वरची जागा मिळाली. उत्तर आज संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. सकाळी तिने त्याला सांगितलं, तर तो “अभिनंदन” म्हणाला आणि चष्मा पुसत बसला. अभिनंदन म्हणे! तिला जायचं नव्हतं. पण त्याने ‘नको’ म्हटल्याशिवाय आपण होऊन थांबायचं, तर तिचा ताठा आडवा येत होता.

दुपारी दोघं पुन्हा नळ्यांवर वाकले.

“कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात,” तो सांगत होता. “पेशींना हवं ते बाहेरून... हळूहळू झिरपत येतं.”

“तोवर वाट बघून जीव जात नाही त्यांचा?”

“धीराच्या असतात.”

“सगळ्याच नसतात हो.”

तिने अलगद स्लाइड काढून घेतली. नळीत आता नुसता पांढरा उजेड.

“बाणापाशी काय दिसतंय?”

“एका पोकळीत दोन पेशी... अगदी खेटून.”

तिने मान वर केली. त्याचं डोकं नळीवर वाकलेलं होतं. नजर मात्र चष्म्याच्या कडेवरून थेट तिच्या चेहऱ्यावर.

“स्लाइड माझ्या हातात आहे, कूर्चाराव. मग दिसतंय काय तुम्हाला?”

चोर पकडला गेला होता. “स्लाइड पाठ आहेत मला,” तो पुटपुटला. “महिनाभर... इकडेच बघतोय.” मग श्वास घेऊन, “जाऊ नका.”

“ऐकू नाही आलं.”

“नको ना जाऊस!”

व्हरांड्यातले विद्यार्थी वळून बघायला लागले. तिने शांतपणे फोन उचलला, नव्या कॉलेजला गोड शब्दांत नकार कळवला आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

“आता सांग,” ती म्हणाली, “घरी कोण बोलणार? तू... का तेही मीच?”