गुरुवारी संध्याकाळी, सगळ्यांदेखत

सान मार्तिन चर्चच्या दारातल्या खिळ्याला कासिल्दाची काळी लेसची ओढणी अडकली आणि ती मान वाकडी करून जागच्या जागी थबकली. मागून बायकांचा लोंढा येत होता. आत्या केव्हाच आत घुसली होती. केसांत खोचलेला उंच कंगवा कलला होता, वरून पाऊस भुरभुरत होता...

"हलू नका, फाटेल."

पुरुषी आवाज, अगदी कानाशी. कासिल्दाला फक्त त्याचे बूट दिसत होते. ओले, चांगल्या कातड्याचे, इथले नसलेले.

"मग लवकर सोडवा ना! सगळं गाव बघतंय."

"गाव माझ्याकडे बघत नाही. आल्यापासून अनुभव घेतोय."

"बघा, माझ्यामुळे तरी बघतील. आभार माना."

तो हसला. बोटं हळूच लेसमधून फिरली, ओढणी सुटली, आणि तिनं मान वर केली. समोर एलादिओ उभा होता. रेमिखियो मास्तरांचा मुलगा.

सांता ओरोसिया गावात हे नाव कुणी मोठ्यानं घेत नसे. यादवी युद्धाच्या पहिल्याच उन्हाळ्यात बंदूकधाऱ्यांनी मास्तरांना भरल्या वर्गातून उठवून ट्रकमध्ये घातलं. ते परत आले नाहीत. पुढच्याच रविवारी फादर फिदेलनी वेदीवरून सांगितलं, त्या घराची सावलीसुद्धा चर्चच्या उंबऱ्यावर पडू नये. एलादिओ तेव्हा पाळण्यात होता. मोठा झाल्यावर तो फ्रान्सला, तुलूझला गेला, विमानाच्या कारखान्यात लागला. आता आईला माती द्यायला आला होता आणि शनिवारच्या बसनं परत जाणार होता. त्याच्या आईच्या अंत्यविधीला गावातलं कोणी फिरकलं नव्हतं. कासिल्दालाही वडिलांनी जाऊ दिलं नव्हतं, आणि ते तिला सारखं टोचत होतं.

"आत नाही येत?" तिनं विचारलं.

"तुम्ही जाऊन या. मी... इथंच बरा."

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी गावातल्या एकेका चर्चला जायचं, फुलांनी सजवलेल्या वेदीपुढे गुडघे टेकायचे आणि पुढच्या चर्चची वाट धरायची, ही सांता ओरोसियाची रीत. त्या दिवशी घंटा वाजत नाहीत. पोरं लाकडी खुळखुळे फिरवत गल्लीगल्लीतून ओरडत सुटतात. त्या खडखडाटात कासिल्दा दुसऱ्या चर्चला पोचली, तर एलादिओ तिथंही दाराबाहेर. तिसऱ्यालाही तेच.

"माझा पाठलाग करताय?"

"छे! तुम्हीच माझ्या मागून येताय. मी आधी पोचतो."

"आधी पोचून करता काय? आत तर जात नाही."

"तुम्ही बाहेर यायची वाट बघतो." बोलून गेल्यावर तो स्वतःच लाजला.

कासिल्दानं ओढणी उगाच सारखी केली. मग त्याला कमानीखाली नेऊन वर बोट दाखवलं. "तो बघा, दाढदुखीवाला साधू. गाल धरून बसलाय. आणि ती मासळीची शेपटी असलेली बाई. लहानपणी मी तिलाच मेरीमाता समजायचे."

"हे सगळं बाहेरच्या बाजूला कोरलंय?"

"हो. आत मात्र सगळे गंभीर."

"म्हणजे बाहेर उभं राहणाऱ्यांचाही कुणीतरी विचार केला होता," तो म्हणाला. हसत म्हणाला, पण कासिल्दानं वर धरलेलं बोट खाली घेतलं.

"मेरीमातेच्या चर्चमध्ये माझं काम आहे," थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला. खिशातून त्यानं कागदात गुंडाळलेली मेणबत्ती काढली. "आईनं शेवटच्या पत्रात सांगितलं... बाबांच्या नावानं लाव. तिला कधी लावू दिली नाही या लोकांनी. संध्याकाळपासून एकेका दाराशी जाऊन उभा राहतोय. वाटलं, एखाद्या तरी उंबऱ्यावर पाय उचलेल. उचलत नाही. तुलूझमध्ये मी कुणाच्या बापाला भीत नाही, आणि इथं..."

गेलेल्या माणसाच्या नावाची गुरुवारची मेणबत्ती तिथंच लागे, आणि ती लावायची तर नाव सांगावं लागे. फादर ते मोठ्यानं म्हणत आणि सारं चर्च 'आमेन' म्हणे. रेमिखियो मास्तरांचं नाव, फादर फिदेलच्या तोंडून!

"कासिल्दा!" आत्या चिखलातून स्कर्ट सावरत येत होती. ओब्दुलियाआत्या म्हणजे चालतीबोलती राखणदार. घरच्यांनी तिला याच कामावर नेमलं होतं. "कुणाशी बोलत्येस? अख्ख्या बाजारपेठेनं बघितलंय तुला. तुझ्या बापाच्या कानावर गेलं तर औषधाचं दुकान सोडून काठी घेऊन येईल!"

"येऊ दे. आत्या, मी मेरीमातेच्या चर्चला याच्याबरोबर जाणार आहे. हाताला धरून."

आत्याच्या हातातला स्कर्ट चिखलात सुटला. त्या संध्याकाळी परपुरुषाचा हात धरून चर्चमध्ये जाणं म्हणजे लग्न ठरल्याची दवंडीच, हे सांता ओरोसियातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

एलादिओ मागे सरकला. "नको. मी शनिवारी निघून जाईन. इथं राहायचंय तुम्हाला. हे लोक तुम्हाला जगू देणार नाहीत."

"तुमच्या आईला दिलं का जगू? ती तरी याच लोकांत राहिली ना!" कासिल्दाचा आवाज चढला. "मी तिच्या अंत्यविधीला आले नाही. बाबा नको म्हणाले आणि मी ऐकलं. आज नाही ऐकणार. हात द्या."

आत्यानं तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्याच्या हातातल्या मेणबत्तीकडेही.

"जायचंच असेल," ती शेवटी फुत्कारली, "तर पाठ ताठ ठेव. आणि कंगवा सरळ कर. वाकड्या कंगव्यानं कुणी लढाई जिंकत नाही."

मेरीमातेचं चर्च गच्च भरलं होतं. उंबऱ्याशी एलादिओ थांबला. कासिल्दानं त्याचा हात घट्ट धरला आणि पाय आत टाकला. मधल्या वाटेनं दोघं चालू लागली आणि कुजबुज त्यांच्यापुढे धावत गेली. कुणी मान फिरवली, कुणी पोरीला मागे ओढलं. वेदीपाशी पोचल्यावर एलादिओनं मेणबत्ती पेटवली. तीन काड्या विझल्या, मग पेटली.

फादर फिदेल म्हातारे झाले होते, पण नजर तीच. "कुणाच्या नावानं?"

"रेमिखियो आल्व्हारेस. या गावचे मास्तर."

फादरनी ओठ मिटून घेतले. चर्चमध्ये पावसाचा आवाज तेवढा उरला. क्षण गेला, दुसरा गेला. एलादिओची मान खाली जाऊ लागली—

"रेमिखियो आल्व्हारेस!" कासिल्दा वळून साऱ्या चर्चला ऐकू जाईल असं म्हणाली. "या गावचे मास्तर!"

पुढच्या बाकांवरच्यांनी नजरा जमिनीला लावल्या. आणि मग, मागच्या बाकांकडून, घोगरा, खणखणीत आवाज आला—

"आमेन."

ओब्दुलियाआत्या उभी होती. हनुवटी वर, दोन्ही हात कमरेवर. तिनं आजूबाजूला अशी नजर फिरवली की शेजारचा खाटीक पुटपुटला, "आमेन." मग एक म्हातारी. मग मास्तरांच्या हाताखाली अक्षरं गिरवलेले, आता केस पिकू लागलेले चारदोन पुरुष. सगळे नाही, पण पुरेसे.

"कासिल्दा," फादर दात आवळून म्हणाले, "हा तुझा कोण?"

शब्द तिनं आधी जुळवले नव्हते. ते आपोआप आले. "मी याच्याशी लग्न करणार आहे."

दोघं बाहेर चौकात आली. पाऊस थांबला होता, ओल्या फरशीवर दिवे चमकत होते.

"मला विचारलं असतंस तर..."

"तर नाही म्हणाला असतास?"

"तर थोडं आधी हो म्हणालो असतो. पहिल्या दारापाशीच." तो थांबला. "चल तुलूझला. तिथं आपल्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही."

"म्हणूनच नको." ती म्हणाली. "मला इथंच राहायचंय. तुझ्या आईच्या घरात, चौकाकडच्या खिडक्या उघड्या टाकून. रोज याच रस्त्यानं तुझ्याबरोबर बाजाराला जायचंय. ज्यांना मान फिरवायचीय त्यांच्या माना दुखू देत!"

"आणि शनिवारची बस?"

"जाऊ दे तिला. रिकामी."

चर्चमधून माणसं बाहेर पडत होती, पायऱ्यांवर थबकत होती. एलादिओनं त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं. मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या चौकात घाई न करता, तो वाकला आणि त्यानं कासिल्दाच्या ओठांवर ओठ टेकवले.

पायऱ्यांवर कुणीतरी "अरे देवा!" म्हणालं. ओब्दुलियाआत्या मात्र मनोऱ्यावरच्या करकोच्यांच्या घरट्याकडे अगदी लक्ष देऊन बघत उभी राहिली, आणि बराच वेळ तिला दुसरं काहीच दिसलं नाही.