अडीच मोजेपर्यंत

तुम्ही त्या खिडकीकडच्या खुर्चीवर बसा. मला इथंच बसू द्या, इथून माझ्या लेकीच्या, कॅलीच्या खोलीचं दार समोर दिसतं. तसं काही नाही हो, सवय झालीय एवढंच. कॉफी घ्या, गरम आहे.

दोन तुकड्यांचं घर घ्यावं का, असं विचारायला तुम्ही आलात. माझा नवरा रॉइस घरी असता तर तो कागद-पेन्सिल घेऊन दीड तास समजावत बसला असता. कारखान्यात घर बांधतात, अर्धं एका ट्रकवर आणि अर्धं दुसऱ्या ट्रकवर घालून आणतात, जमिनीवर दोन्ही एकमेकांना जोडतात, झालं घर! सेंट लुईसच्या त्या दोन खोल्यांत मीही हे असंच ऐकलं होतं. कोंबड्या पाळू, टोमॅटो लावू, सात वर्षांच्या कॅलीला स्वतःची खोली मिळेल. तिच्या खोलीचं ऐकलं आणि मी हो म्हटलं. नकाशावर कॅलीनं त्या खोलीत पिवळा रंगसुद्धा भरला होता.

ऑक्टोबर संपताना आम्ही या डोंगरात आलो आणि आलं फक्त अर्धं घर.

स्वयंपाकघर, आमची झोपायची खोली आणि न्हाणीघर आलं. बैठकीची खोली आणि कॅलीची खोली असलेला दुसरा अर्धा भाग कुठंतरी रस्त्यात अडकला होता. एकदा म्हणे ट्रकचा धुरा मोडला, एकदा पुढच्या जिल्ह्याचा परवाना संपला, एकदा ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला. फोनला रेंज यायची ती फक्त रस्त्यावरच्या टपालपेटीपाशी. रोज सकाळी चिखल तुडवत मी तिथं जायची, वीस मिनिटं होल्डवरचं तेच ते संगीत ऐकायची आणि मग कंपनीच्या ऑफिसातली मुलगी गोड आवाजात म्हणायची, "उद्या नक्की, मॅडम."

घराची उघडी बाजू जाड पांढऱ्या प्लास्टिकनं बंद केली होती, पट्ट्या ठोकून. म्हणजे आमच्या स्वयंपाकघराला तीन भिंती आणि चौथ्या बाजूला प्लास्टिक. त्यापलीकडे काय, तर दुसऱ्या अर्ध्याच्या पायासाठी मांडलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांची रांग आणि गवत.

घर जोडणाऱ्यांचा मुकादम ऑर्विल, साठीचा माणूस, पहिल्याच दिवशी टोपी काढून म्हणाला होता, "बाई, दुसरं अर्धं येईपर्यंत इथं राहू नका. राहिलात तरी स्वयंपाक करू नका."

"का हो? गॅस गळतोय का?"

"गॅस ठीक आहे." तो टोपी हातात फिरवत राहिला. "दोन अर्धी जिथं मिळतात त्या रेघेला आमच्यात लग्नाची रेघ म्हणतात. लग्न लागेपर्यंत अर्ध्या घरात अन्न शिजवायचं नाही. माझ्या वडिलांपासूनची रीत आहे. वास गेला की दुसरी बाजू... जेवायला बसते."

रॉइस खो खो हसला. "मग त्यांना भांडी घासायला सांगू!"

शहरातली जागा आम्ही सोडली होती. जायचं कुठं? शिवाय दिवसभर चिखल, शौचालयासाठी भाड्यानं आणलेली ती निळी पेटी, आणि "अगं, मजा आहे ना!" म्हणत फिरणारा नवरा. मला गरम काहीतरी हवंच होतं. त्याच दुपारी मी मक्याचा पाव भाजला. कॅलीला तुकडा दिला. ती तो घेऊन प्लास्टिकपाशी जाऊन बसली, जिथं तिच्या खोलीचं दार यायचं होतं तिथं.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला मी कांदा चिरत होते. प्लास्टिकपलीकडे कुणीतरी बशी ठेवली.

चिनीमातीची बशी लाकडावर ठेवल्यावर होतो तसाच आवाज. मग चमचा. मग सपाता घातलेली पावलं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गवतावर चालल्यासारखी नाही हो... लाकडी जमिनीवर. माझी जमीन कशी वाजते ते मला एका दिवसात कळलं होतं. तश्शीच.

मी बाहेर जाऊन वळसा घालून पाहिलं. ठोकळे होते, गवत होतं. गवत कुठं दबलेलंही नव्हतं.

रॉइसला सांगितलं तर म्हणाला, "प्लास्टिक गार झालं की कडकडतं."

"प्लास्टिक बशा मांडतं का, रॉइस?"

"मग रॅकून असतील, उष्टं शोधत आलेले."

"हो का! सपाता घालून?"

तो शीळ घालत पंपाकडे गेला. असा माणूस आहे. त्याच्या डोक्यावर छप्पर कोसळलं तरी म्हणेल, हवा छान येतेय.

आता खरं सांगते, त्या दिवसांत मी कॅलीवर फार ओरडायची. बूट काढ, हात धू, चिखल आत आणू नकोस. आणि ती जागची हलली नाही की मोजायची. "एक... दोन..." तुम्हीही मोजत असाल पोरांसाठी, आपल्याकडे सगळ्याच मोजतात. "अडीच..." म्हटलं की कॅली यायचीच. तीनपर्यंत आजवर गेलेच नाही. तीनला काय होतं ते तिलाही ठाऊक नाही आणि मलाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी ती म्हणाली, "आई, तिकडची आई मोजत नाही."

"कुठली तिकडची?"

"माझ्या खोलीतली. ती ओरडत नाही. पिवळा पडदा लावलाय तिनं."

"कॅली, मला आधीच डोकं दुखतंय."

"मी तिला पाव देते रोज. तिला आवडतो."

प्लास्टिकला खाली एक चीर पडलेली होती, तिथून ती तुकडा आत सारायची. बाहेर पाहिलं तर एक कणही नाही. म्हटलं, बघा, रॅकूनच. पहिल्यांदाच रॉइसचं पटवून घेतलं मी.

मग एका संध्याकाळी, अजून उजेड होता, मी वळून पाहिलं. कॅलीनं तळहात प्लास्टिकवर टेकवला होता. आणि पलीकडून प्लास्टिक तिच्या हातावर दाबलं गेलं होतं. पाच बोटं. मोठ्या माणसाची. वारा अजिबात नव्हता. आणि वास आला... मक्याच्या पावाचा, ताज्या. माझा ओव्हन त्या वेळी गार होता.

भीती वाटायला हवी होती ना? पण दहा दिवसांच्या चिखलानं मला आधी संतापच आला. मी कॅलीला ओढलं आणि ओरडले, "कोण आहे तिकडे? काम असेल तर माणसासारखं पुढच्या दारानं या!"

मग अगदी जवळून, प्लास्टिकला तोंड लावल्यासारखं... आवाज माझाच होता. पण मी अशी कधीच बोलत नाही, इतकी मऊ, इतकी निवांत.

"उद्या नक्की," ती म्हणाली.

तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत का? थंडी वाजतेय? असू दे, असू दे.

दुसऱ्या दिवशी खरंच ट्रक आला. टपालपेटीपाशी जायचीही वेळ आली नाही. ऑर्विल आणि त्याची चार माणसं आली. मी सकाळीच पाव भाजला, त्यांना दिला, कॅलीनंही आपला तुकडा घेतला. नवं अर्धं घर आमच्या शेजारी आणून उभं केलं, मध्ये हातभर फट ठेवून. त्याचीही उघडी बाजू प्लास्टिकनं बंद होती. कारखान्याच्या पट्ट्या, कारखान्याचे खिळे, एकही हललेला नव्हता. ऑर्विलनं सुरीनं प्लास्टिक कापलं आणि आम्ही आत गेलो. नव्या रंगाचा वास. कॅलीच्या खोलीत तर कुणीच पाऊल टाकलेलं नसणार.

खिडकीच्या कठड्यावर मक्याच्या पावाचे तुकडे ओळीनं मांडले होते. अकरा. प्रत्येकाचा एकेक घास खाल्लेला. पहिला दगडासारखा झाला होता, मधल्यांना बुरशी होती. शेवटच्याला मी बोट लावलं.

कोमट होता.

ऑर्विलनं ते बघितले. मग माझ्याकडे बघितलं. "स्वयंपाक केलात," एवढंच म्हणाला.

"ट्रकवाल्यांचा चावटपणा असेल," रॉइस म्हणाला, पण या वेळी त्यानं शीळ घातली नाही.

"बाई," ऑर्विल हळूच म्हणाला, "लग्न लावायचं का? तुम्ही सांगा."

काय सांगणार होते मी? रात्रीचं पाणी गोठायला लागलं होतं. अर्ध्या घरात लेकराला घेऊन हिवाळा काढणार होते का? मी मान डोलावली. अकराही तुकडे एप्रनमध्ये गुंडाळून ओढ्यात टाकून आले.

परत आले तेव्हा साखळ्या लावल्या होत्या, यंत्र घरघरत होतं, आणि नवं घर बोटाबोटानं सरकत होतं. ऑर्विल ओरडला, "आत कोणी नाही ना?" रॉइस ओरडला, "नाही! कॅली गाडीत आहे!"

गाडीत नुसता तिचा कोट होता.

मी धावले. वीतभर फट उरली होती, आत अंधार. आणि त्या यंत्राच्या आवाजातही मला स्पष्ट ऐकू आलं, माझ्याच आवाजात, मायेनं, अजिबात न चिडता, "ये बाळा. ये. काही घाई नाही."

"थांबवा!" मी किंचाळले. यंत्र लगेच थांबत नाही हो ते. मला गोड हाक मारायची होती, देवाशप्पथ. पण घशातून निघालं ते नेहमीचंच. "कॅली! किती वेळा सांगितलं तुला! एक! दोन!"

काहीच हललं नाही.

"अडीच!"

ती खालून सरपटत बाहेर आली, ठोकळ्यांच्या मधून, गुडघ्याला ग्रीस लागलेलं, तोंड वाकडं करून. "येतच होते ना," म्हणाली. मी तिला उचललं आणि तिथंच चिखलात बसले. मागं लाकडावर लाकूड टेकल्याचा आवाज झाला. ऑर्विलनं रेघेवर हात ठेवला. "लागलं," म्हणाला, आणि पैशांची गोष्ट न काढता निघून गेला.

त्याला आता चार महिने झाले. घर छान आहे, ऊबदार आहे, टोमॅटोची रोपं खिडकीत वाढतायत. घ्यावं का म्हणाल, तर घ्या. फक्त दोन्ही अर्धी एका दिवशी येतील असं बघा, आणि तोवर सँडविच खा.

ते तिथं, तुमच्या डावीकडे, झाडू ठेवायचं कपाट दिसतंय ना? ते बरोबर रेघेवर येतं. मी त्याला कुलूप घातलंय. पंधरा दिवसांपूर्वी मी भांडी विसळत होते, तोंडात क्लिप धरलेली होती, केस बांधायची. आणि कपाटातून आवाज आला. "कॅली! किती वेळा सांगितलं तुला!" हुबेहूब, माझ्यासारखा. चिडलेला. "एक..."

ती शिकलीय.

कॅली उठून कपाटाकडे चालायलाच लागली होती. तेव्हापासून मी तिला सांगून ठेवलंय, हाक आली की आधी माझ्या ओठांकडे बघायचं. ओठ हलत नसतील तर हलायचं नाही. म्हणून मी तिच्या दाराकडे तोंड करून बसते. कुणाकडेही पाठ करत नाही आता. रॉइस म्हणतो, अगं, अशानं मान धरेल तुझी. त्याला—

...

ऐकलंत?

माझ्याकडे बघू नका, मी तर तुमच्याशी बोलत होते. कपाटातून "दोन" म्हणाली ना ती? मीही ऐकलं. घाबरू नका, कॅलीला ठाऊक आहे काय करायचं. बघा, दार उघडलं. ती बघतेय ना माझ्या तोंडाकडे?

बघतेय ना?

अहो, मला ती दिसत नाहीये... तुम्ही खुर्ची मध्ये आणलीत. बाजूला व्हा. बाई, किती वेळा सांगू, जरा बाजूला व्हा!